सतरा कंपन्यांच्या रेखाताई

रेखाताई देवस्थळींच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला पाणीसुद्धा विचारायच्या आधी माझ्या कंपनीची जन्मतारीख विचारली. कंपनी अजून जन्मायची होती, म्हणून तर मी गेलो होतो. तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग बस. जन्मायच्या आधी आलास हे बरं केलंस. बाकीचे सगळे आजारी पडल्यावर घेऊन येतात."

ही दोन हजार वीसच्या जानेवारीतली गोष्ट. मी आयर्लंडमधल्या ल्यूकनमध्ये राहत होतो, अजूनही राहतो. नोकरी सोडून कंत्राटावर सॉफ्टवेअरचं काम करायचं डोक्यात आलं होतं आणि त्यासाठी स्वतःची कंपनी काढावी लागते असं कळलं होतं. आमच्याच वसाहतीत, तीन घरं सोडून, पुण्याच्या एक बाई राहतात आणि त्या मराठी माणसांच्या कंपन्यांचे कागद बघतात, असं बायकोनं भिशीत ऐकलं होतं. मला कागदांचा जन्मजात कंटाळा. कोणी बघणारं असेल तर मी आनंदानं त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

दार उघडलं ते साडेचार फूट उंचीच्या एका बाईंनी. अंगात पंजाबी ड्रेस, त्यावर पुरुषी स्वेटर, पायात घरातही धावायचे बूट. चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला आणि कानावर एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं निळी अशी पेन्सिल खोचलेली. अशा पेन्सिली मी शाळेत मास्तरांकडे पाहिल्या होत्या, त्यानंतर थेट इथंच.

पुण्यातल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्या तेवीस वर्षं कंपनी सेक्रेटरी होत्या. सेक्रेटरी म्हणजे साहेबांचे फोन घेणारी बाई नव्हे, हे त्या प्रत्येकाला एकदा सांगत आणि मग त्याची परीक्षा घेत. मिस्टर देवस्थळी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आयर्लंडला आले, मागोमाग या आल्या. इथं पुण्याची पदवी तशीच्या तशी चालेना. तेव्हा पन्नाशीत त्या पुन्हा परीक्षेला बसल्या आणि जवळच्याच टॅला भागातल्या एका छोट्या कार्यालयात लागल्या. दिवसभर आयरिश लोकांच्या कंपन्यांची कागदपत्रं आणि संध्याकाळी घरी आपल्या लोकांची. आपल्या लोकांकडून त्या फी घेत नसत. त्यामुळे आपले लोक वेळेवर येत नसत, हेही त्यांना पक्कं माहीत होतं.

अशा सतरा कंपन्या त्यांच्याकडे होत्या, माझी अठरावी होता होता राहिली, कारण तेवढ्यात एक बंद झाली. त्यातल्या बऱ्याच आमच्यासारख्या एकट्या माणसाच्या. नवरा संचालक, बायको सेक्रेटरी आणि जेवणाचं टेबल हे नोंदणीकृत कार्यालय. नावं वाचली तर सह्याद्रीतल्या किल्ल्यांची यादी वाचल्यासारखं वाटायचं. मीही एक किल्ला घेतला, उरलेल्यांतला.

वार्षिक विवरणपत्र म्हणजे काय हे त्यांनी मला त्याच दिवशी समजावलं. माझे वडील पेन्शनर आहेत का विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाल्या, "दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात ना? समोर उभे असतात, तरी लिहून द्यावं लागतं की मी जिवंत आहे. कंपनीचं तेच. वर्षातून एकदा तिच्या तारखेला सरकारला सांगायचं, ही आहे, इथं राहते, हिचे हे हे मायबाप. नाही सांगितलं तर ते समजतात गेली, आणि नाव काढून टाकतात." मी विचारलं, काम जोरात चालू असलं तरी? "काम चालू आहे हे तुला माहीत. त्यांना कागद माहीत."

एक गोष्ट आपल्या लोकांच्या डोक्यातून काही केल्या जात नाही, ती म्हणजे एकतीस मार्च. वर्ष मार्चला संपतं, मग जरा श्वास घ्यायचा, मग बघू, असा आपला पिढीजात हिशेब. इथं पहिलं विवरणपत्र कंपनी जन्मल्यापासून बरोबर सहा महिन्यांनी द्यावं लागतं, मग तिनं काडीचं काम केलेलं असो वा नसो. त्या तारखेपुढे छप्पन्न दिवसांची मुदत. ती चुकली की रोजचा दंड चढतो. आणि त्याहून वाईट म्हणजे छोट्या कंपन्यांना ऑडिटमधून जी सूट असते ती पुढची दोन वर्षं जाते. "दंडानं कोणी मरत नाही," रेखाताई म्हणायच्या, "ऑडिटनं मरतात."

कंपनी झाली त्याच आठवड्यात रेखाताईंनी घराबाहेर पाटी लावायला लावली. कायद्यात आहे म्हणाल्या, नोंदणीकृत कार्यालयाबाहेर कंपनीचं नाव दिसलं पाहिजे. मी म्हटलं, इथं कोण बघतंय? त्या उठल्या, मला आपल्या दारात नेलं आणि दाराशेजारची, त्यांच्या पत्त्यावर नोंदलेल्या दोन कंपन्यांची पितळी नावं दाखवली. मी निमूटपणे पाटी करून आणली. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मॉरीनबाईंनी कुंपणावरून विचारलं की मी दातांचा दवाखाना काढलाय का, कारण त्यांची एक दाढ दुखत होती. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. पण पाटी ग्रँड आहे म्हणाल्या.

रेखाताईंचं खरं कार्यालय म्हणजे स्वयंपाकघराची भिंत. तिथं पुण्याहून आणलेलं मराठी कॅलेंडर टांगलेलं असे, मागच्या बाजूला राशिभविष्य आणि लोणच्याच्या कृती असतात तसलं. दर डिसेंबरात कोणीतरी येताना ते घेऊन येई आणि मग एक रविवार त्या जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवून सतरा तारखा एकातून दुसऱ्यात उतरवून काढत. लालनं विवरणपत्राची तारीख, निळ्यानं शेवटची मुदत. चतुर्थी, एकादशी, दुधाचा हिशेब यांच्या गर्दीत आमच्या कंपन्या बसलेल्या. टॅलाच्या कार्यालयात संगणक सगळं आपोआप आठवण करून देतो, मग घरीही तसंच का नाही करत, असं मी एकदा विचारलं. संगणकानं आठवण केली की माणूस ती पुसून टाकतो, भिंत पुसता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही, पण तारीख कोणाची चुकत नव्हती हेही खरं होतं.

कागद उशिरा आणणाऱ्या माणसाला त्यांच्याकडे क्षमा नव्हती. 'राहून गेलं' हा शब्दप्रयोग त्या ऐकूनच घेत नसत. एकानं मुलाच्या वाढदिवसाचं कारण सांगितलं तर म्हणाल्या, त्याची तारीख लक्षात राहिली ना तुझ्या, मग हिची का नाही. तो बिचारा दोन महिने आमच्या गल्लीत गाडी आणत नव्हता.

मार्चात सगळं बंद झालं. घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी आली. सरकारनं विवरणपत्रांना सवलत दिली, मुदती पुढे ढकलल्या. आम्ही सगळे सुखावलो. रेखाताईंना सवलत हा प्रकार वैयक्तिक अपमानासारखा वाटला. ज्यांची घरं दोन किलोमीटरच्या आत होती त्यांची विवरणपत्रं त्यांनी सवलत न घेता भरली. सही शाईनं कागदावर लागायची, म्हणून व्यायामाच्या वेळेत त्या फायली घेऊन निघत. कागद पुढच्या बागेच्या भिंतीवर ठेवायचा, त्यावर वजनाला एक बटाटा, आणि आपण दोन मीटर मागे जाऊन उभं राहायचं. माणूस बाहेर येऊन सही करून आत गेला की कागद उचलायचा. बटाटा तिथंच ठेवायच्या. आमच्या विवरणपत्राला अवकाश होता, तरी इतर कागदांच्या सह्यांपायी आमच्याकडे दोन झाले.

याच दिवसांतली किलकेनी गावची गोष्ट मला फार आवडते. तिथं एक मराठी डॉक्टर इस्पितळात होते आणि त्यांची नवराबायकोची कंपनी होती. डॉक्टर रोज कोविडच्या वॉर्डातून येत, म्हणून घरात वरच्या लहान खोलीत वेगळे राहत. जेवणाचं ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर. पाच आठवडे झाले होते. दोघं फोनवर फक्त कामाचं बोलत आणि त्यातही भांडत, असं डॉक्टरांच्या बायकोनं रेखाताईंना सांगितलं. त्यावर रेखाताईंनी त्यांच्या कंपनीची वार्षिक सभा बोलावली. इतक्या छोट्या कंपनीला सभा घ्यायची गरज नसते, एक लेखी ठराव केला की भागतं, हे त्या स्वतःच आम्हाला सांगत. पण त्यांनी रीतसर नोटीस काढली. ठरल्या दिवशी दुपारी एकाच घरातल्या दोन खोल्यांतून दोघं पडद्यावर हजर झाले, ल्यूकनहून रेखाताई. विषयपत्रिकेवर शेवटचा विषय होता, अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळचे विषय. तो आला तेव्हा रेखाताई म्हणाल्या, मला गॅसवर काहीतरी बघायचंय, तुम्ही चालू ठेवा. आणि त्या पाऊण तास परत आल्याच नाहीत. त्या सभेचं इतिवृत्त मी पाहिलंय. शेवटची ओळ आहे, 'सभासदांनी एकमेकांची विचारपूस केली.' खाली तिघांच्या सह्या.

आता अर्चनाचं सांगतो, कारण रेखाताई खऱ्या कळल्या त्या अर्चनाच्या प्रकरणात.

अर्चना वाघमारे मूळची नागपूरची, आमच्याच वसाहतीत मागच्या रस्त्यावर. नवरा नीलेश टॅलाच्या इस्पितळात प्रयोगशाळेत. अर्चना मुलं लहान म्हणून सात वर्षं घरी होती. मग तिनं थालीपिठाची भाजणी करून विकायला सुरुवात केली. ती इतकी खपली की भाड्याचं स्वयंपाकघर घेतलं आणि दोन हजार एकोणीसच्या दसऱ्याला कंपनी काढली. प्रमाणपत्रावर दसऱ्याचीच तारीख यावी असा तिचा हट्ट होता आणि रेखाताईंनी अर्ज असा बेतून पाठवला की ती आली. आठ ऑक्टोबर. त्या कंपनीच्या अधिकृत सेक्रेटरी रेखाताईच होत्या. सहा महिन्यांनी, आठ एप्रिलला पहिल्या विवरणपत्राची तारीख पडली, तर त्या दिवशी नेमकी हनुमान जयंती. दसऱ्याला जन्म आणि हनुमान जयंतीला दाखला, अर्चना सगळ्यांना कौतुकानं सांगायची. रेखाताईही तिला भाजणीवाली म्हणत नसत, हनुमान जयंतीवाली म्हणत.

दोन हजार वीसच्या डिसेंबरात भारतातून कोणीच आलं नाही. कॅलेंडर आलं नाही. रेखाताईंच्या भाच्यानं पुण्याहून बारा पानांचे फोटो फोनवर पाठवले आणि त्यांनी ते छापून भिंतीला चिकटवले. अक्षरं मुंगीएवढी. जुन्यातून नव्यात सतरा तारखा त्यांनी भिंग घेऊन उतरवल्या. अर्चनाच्या चौकोनापाशी आल्या तेव्हा त्यांनी आकडा पाहिला नाही, सण शोधला. हनुमान जयंती सापडली, लाल खूण केली. पण मधल्या वर्षात अधिक महिना येऊन गेला होता, सगळे सण पुढे सरकले होते, आणि नव्या वर्षातली हनुमान जयंती होती सत्तावीस एप्रिलला. त्यापुढे छप्पन्न दिवस मोजून निळी खूण बावीस जूनवर पडली. खरी मुदत तीन जूनला संपत होती.

अठरा जूनला संध्याकाळी रेखाताईंचा मला फोन आला की सरकारी वेबसाइट बिघडली आहे, जरा येऊन बघ. मी गेलो. त्या टेबलापाशी बसल्या होत्या, समोर अर्चनाच्या कंपनीचं विवरणपत्र, आणि पडद्यावर दंडाची रक्कम. चार दिवस बाकी असताना हे दंड कसा लावतात, असं त्यांचं म्हणणं. मी कंपनीची तारीख वाचली. मग भिंतीकडे पाहिलं. मला बोलायची वेळच आली नाही. त्यांनीही भिंतीकडे पाहिलं, उठल्या, चष्मा लावला, एप्रिलच्या पानाजवळ गेल्या आणि बराच वेळ तिथं उभ्या राहिल्या. बाहेर लख्ख उजेड होता, पोरं सायकली फिरवत होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"समीर," त्या मागे न वळता म्हणाल्या, "वेबसाइट बरोबर आहे."

लगेच चपला न घालता, म्हणजे त्याच घरातल्या बुटांनी, त्या अर्चनाकडे गेल्या आणि सगळं सांगून आल्या. लॉकडाऊनची सवलत तोवर संपलेली होती. दंड त्यांनी तिथल्या तिथं स्वतःच्या कार्डानं भरला. पण ऑडिटची सूट गेली होती. दोन वर्षं ऑडिट म्हणजे भाजणीतून उरत होतं ते सगळं त्यात जाणार. अर्चनानं रात्रभर आकडे मांडले आणि सकाळी नीलेशला म्हणाली की कंपनी बंद करावी लागेल.

एक वाट होती. न्यायालयात अर्ज करून मुदत वाढवून मागता येते. न्यायाधीशांना कारण पटलं तर विवरणपत्र वेळेवर भरल्यासारखं धरतात. त्यासाठी कारण शपथेवर लिहून द्यावं लागतं, आणि ते सेक्रेटरींनी द्यायचं होतं.

आम्ही सगळे त्यांच्या टेबलाभोवती बसलो. नीलेशनं आणि मी एकाच सुरात सांगितलं की कोविड लिहा. दोन हजार एकवीस साल होतं, कोविड म्हटलं की कुठलंही कारण चालत होतं. पोस्ट उशिरा आलं लिहा, आजारी होते लिहा, कोण तपासणार आहे. वकील मिस्टर डुगन, सत्तरीचा भला माणूस, त्यानंही फोनवर आडून आडून तेच सुचवलं. रेखाताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या की त्या काळात मी आजारी नव्हते, पोस्ट वेळेवर येत होतं, आणि चूक माझ्या भिंतीवर झाली आहे, तेच लिहीन.

अर्चना म्हणाली, "ताई, खरं बोलायची हौस तुमची आहे. कंपनी माझी आहे."

हे मला आजही आठवलं की अस्वस्थ व्हायला होतं, कारण ती चुकीचं बोलत नव्हती. रेखाताईंचा चेहरा पांढरा पडला. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. माझ्या खरेपणाचा भुर्दंड तुला पडायला नको. अर्ज फेटाळला तर दोन्ही वर्षांचं ऑडिट मी करवून देईन, माझ्या खर्चानं. पण खोटी शपथ घेऊन तुझी कंपनी वाचवली, तर आजवर मी जेवढ्या सह्या केल्या त्यातली कुठली खरी होती, हे मलाच सांगता येणार नाही." अर्चना कपातला चहा तसाच ठेवून निघून गेली.

सुनावणी सप्टेंबरात होती. मधल्या काळात रेखाताईंनी बाकीच्या सोळा कंपन्यांना एकेक पत्र लिहिलं. एका कंपनीच्या तारखेत माझ्याकडून चूक झाली आहे, तरी तुमची तारीख तुम्ही स्वतः प्रमाणपत्रावरून तपासून घ्यावी. लोकांनी फोन करून सांगितलं, ताई, कशाला मनाला लावून घेता. वाढदिवसाचं कारण सांगणारा तो माणूस तर मुद्दाम भेटायला आला. त्याला त्यांनी आत बोलावलं, चहा दिला. भिंतीवरचे कागद मात्र त्यांनी काढून टाकले होते. चिकटपट्टीचे डाग तेवढे राहिले होते.

न्यायालयात मी गाडीनं नेलं. मागच्या सीटवर रेखाताई आणि अर्चना, मधे पर्स. आत सगळे मास्क लावून लांब लांब बसलेले. आमच्या आधी मालमत्तेची दोन भांडणं झाली. मग डुगन उठला. त्याच्या आवाजावरूनच कळत होतं की शपथपत्र आपल्याला नीट समजलेलं नाही याची त्याला कल्पना आहे. कंपनी नोंदणी कार्यालयाचं हरकत नसल्याचं पत्र होतं, पण निर्णय न्यायाधीशांचा होता. ते साठीचे, जाड भुवयांचे. त्यांनी शपथपत्र दोनदा वाचलं आणि सेक्रेटरींना साक्षीला बोलावलं. पिंजऱ्याच्या कठड्यावर रेखाताईंचं डोकं जेमतेम दिसत होतं.

न्यायाधीशांनी विचारलं, "तुमच्या म्हणण्याप्रमाणे गेल्या वर्षी तेरा महिने होते?"

"हो, जज. दर अडीच-तीन वर्षांनी असतात."

"मग त्या तेराव्या महिन्याचं घरभाडं तुम्ही भरता?"

मागं कोणीतरी हसलं. रेखाताई हसल्या नाहीत. "भाडं आम्ही इंग्रजी महिन्यानं भरतो, जज. विवरणपत्रही इंग्रजी महिन्यानंच भरायला हवं होतं. मी सणानं भरलं. चूक माझी आहे. कंपनीच्या मालकिणीचा यात काही दोष नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. सण असा जागचा हलतो म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. त्यावर रेखाताईंनी सांगितलं की चंद्र पाहून ठरतो, तुमच्या ईस्टरसारखाच. न्यायाधीश म्हणाले की त्यांची आई ईस्टर मार्चात आला की वर्षभर कुरकुर करायची, कारण तिची बटाट्याची लावणी त्यावर ठरलेली असे. कागद खाली ठेवत ते डुगनला उद्देशून म्हणाले, "या वर्षात माझ्यापुढे साथीचं कारण सांगणारे किती अर्ज आले मी मोजलेले नाहीत. चंद्राचं कारण हा पहिलाच अर्ज आहे, आणि तो खरा वाटतो. मुदत वाढवून दिली आहे."

बाहेर आल्यावर अर्चना रडली. रेखाताईंनी पर्समधून रुमाल काढून दिला आणि न्यायालयाच्या फीची पावती जपून ठेवली आहे ना, असं डुगनला विचारलं. परतीच्या वाटेवर दोघींच्या मधे पर्स नव्हती. ती माझ्या शेजारी पुढच्या सीटवर होती.

हे झालं आणि मिस्टर देवस्थळींच्या निवृत्तीचं पत्र आलं. नोव्हेंबरात ते दोघं पुण्याला परत गेले. आता त्या तिथं नातवंडांत आणि सोसायटीच्या कमिटीत रमल्या आहेत, कमिटीवाले त्यांच्यात कितपत रमलेत कोण जाणे. निरोपाच्या जेवणाला सतराच्या सतरा कंपन्या आल्या होत्या. किलकेनीहून डॉक्टर आणि त्यांची बायको दीड तास गाडी हाकत आले. पण मला त्या आठवतात त्या त्या जेवणातल्या नाहीत. न्यायालयाचा हुकूम आणायला आम्ही गेलो होतो, त्या दिवशीच्या आठवतात.

सुनावणीनंतर आठवड्याभरानं शिक्क्याची प्रत तयार झाली. ती नोंदणी कार्यालयात ठरलेल्या दिवसांत पोचवायची होती, नाहीतर सगळं फुकट. प्रत घ्यायला आम्ही तिघं न्यायालयाच्या कार्यालयात गेलो. खिडकीच्या काचेमागं पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी कागद दिला. रेखाताईंनी तो तिथंच उभ्यानं वाचला आणि परत खिडकीपाशी गेल्या. कंपनीच्या नोंदणी क्रमांकात शेवटचे दोन आकडे उलटसुलट पडले होते. तो कागद तसाच गेला असता तर हुकूम कुणा दुसऱ्याच कंपनीच्या नावानं लागला असता आणि अर्चना होती तिथंच राहिली असती.

काचेमागच्या बाईंनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. एकवीस वर्षं या खिडकीवर आहे, म्हणाल्या, असं कधी झालं नव्हतं. पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या. मी रेखाताईंकडे बघत होतो. मला वाटलं आता या बाईंचं काही खरं नाही.

रेखाताईंनी काचेच्या खालच्या फटीतून हात आत घालून त्या बाईंच्या मनगटावर ठेवला. साथीच्या दिवसांत असं कोणी करत नव्हतं. "इट हॅपन्स, लव्ह," त्या म्हणाल्या. आणि मग मराठीतच, स्वतःशी बोलल्यासारखं, "होतं हो. माणसाच्या हातून होतं."

नवी प्रत यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ आम्ही लाकडी बाकावर बसलो. प्रत आली तेव्हा अर्चनानं ती घेऊन सवयीनं त्यांच्यापुढे धरली. रेखाताईंनी ती घेतली नाही. "तू वाच," म्हणाल्या, "मोठ्यानं. प्रमाणपत्र काढ आणि त्याच्याशी ताडून बघ." अर्चनानं बॅगेतून प्रमाणपत्र काढलं, दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवून एकेक आकडा वाचायला लागली, नाव, पत्ता, क्रमांक, तारीख. रेखाताई भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. बाक उंच होता, पाय जमिनीला पोचत नव्हते, आणि ते बूट हळूहळू पुढे-मागे हलत होते. अर्चना शेवटपर्यंत वाचून थांबली आणि म्हणाली, "बरोबर आहे, ताई." डोळे न उघडता त्यांनी मान हलवली. कागदाकडे त्यांनी पाहिलंही नाही.